विश्लेषण : गच्चीवरच्या पॅनेलला ७८ हजार, मग खोलीतल्या पंख्याला काय?

‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजने’ची जाहिरात बसथांब्यापासून वीजबिलाच्या पाठीपर्यंत सगळीकडे दिसते. पण तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला तिचा थेट उपयोग नाही. गच्ची सोसायटीची, घर मालकाचे आणि मीटरही बहुधा मालकाच्याच नावावर. बिल मात्र भाडेकरूचे. ऊर्जेसाठी सरकार देत असलेला पैसा कोणाच्या दारात पोहोचतो, हा प्रश्न इथून सुरू होतो.

योजनेत मिळते काय?

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेसाठी केंद्राने ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद केली. उद्दिष्ट एक कोटी घरांचे. पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्यासाठी १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते. तीन किलोवॉटच्या संचातून महिन्याला सुमारे ३०० ते ३६० युनिट वीज मिळते.

नावात ‘मुफ्त’ असले तरी संच मोफत नाही. अनुदान वजा जाता लाखभर रुपये घरातून किंवा कर्जातून घालावे लागतात आणि अनुदान खात्यात येते ते संच बसून चालू झाल्यावर. तरीही स्वतःचे घर आणि बऱ्यापैकी बिल असणाऱ्यासाठी हा व्यवहार चांगलाच आहे, यात वाद नाही.

फ्लॅटवाल्यांचे काय?

सोसायटीला सामाईक वापरासाठी, म्हणजे पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, लिफ्ट यांसाठी, किलोवॉटमागे १८ हजार रुपये मिळतात. त्याने मेंटेनन्स थोडा हलका होतो, घरातले बिल नाही. एकाच गच्चीवरची वीज अनेक मीटरांवर वाटून देणाऱ्या ‘व्हर्च्युअल नेट मीटरिंग’ला योजनेच्या नियमांत जागा आहे. पण त्यासाठी आधी सभासदांचे एकमत हवे, आणि गच्चीवर वाळवण घालायचे की नाही यावरही ज्या सभा रंगतात तिथे हे सोपे नाही.

पंख्याचा हिशेब

आता खोलीत वर पाहा. साधा सीलिंग फॅन ७५ वॉटच्या आसपास वीज खातो, बीएलडीसी फॅन सुमारे ३० वॉट. रोज १२ तास आणि वर्षातले ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरले तरी जवळपास १३०० रुपये. दोन्ही पंख्यांच्या किमतीतला फरकही साधारण तेवढाच, म्हणजे वर्षभरात वसूल. शिवाय घर बदलले तर पंखा काढून नेता येतो, गच्ची नेता येत नाही.

सरकारी रुपयाच्या बाजूने पाहिले तर गंमत आणखी वाढते. एका गच्चीला दिलेल्या ७८ हजारांत, पंख्यामागे १२०० रुपयांचा फरक भरला, तर ६५ पंखे बदलता येतील. वर्षाला १० हजारांहून अधिक युनिटची बचत, म्हणजे त्या गच्चीवर तयार होणाऱ्या विजेच्या दुपटीहून अधिक. अर्थात पॅनेल २५ वर्षे चालते, पंखा दहा-बारा. एकूण आयुष्य धरले तर दोन्ही जवळपास बरोबरीत येतात. म्हणजे पॅनेलचे अनुदान चुकीचे नाही, पण पंख्याला काहीच नसणे पटणारे नाही.

हे आधी झाले आहे

अनुदानाशिवायही हे साधते, हे याच देशाने दाखवले आहे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत ईईएसएल या सरकारी कंपनीने एलईडी बल्ब घाऊक खरेदी केले. २०१४ मध्ये ३१० रुपये असलेली खरेदी किंमत दोन वर्षांत ३८ रुपयांपर्यंत उतरली. वीजबिल दाखवून बल्ब घेण्यासाठी लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले आणि किराणा दुकानातला बल्बही स्वस्त झाला. पिवळा बल्ब घरांतून गेला तो उपदेशाने नव्हे, किमतीने.

पंख्यांसाठीही ईईएसएलने २०२३ मध्ये एक कोटींचा कार्यक्रम जाहीर केला. त्याच वर्षापासून पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचे झाले. पण बल्बसारखी रांग पंख्यासाठी कुठे दिसली नाही. बल्ब खिशात घालून नेता येत होता, पंखा बसवायला वायरमन लागतो. हजार-दीड हजाराचा जादा खर्च एकरकमी काढणे महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला जड जाते. त्यावर उपाय अवघड नाही. पंखा वीज कंपनीने द्यावा आणि पैसे बिलातून दरमहा शंभर-सव्वाशेने कापावेत. बचतही साधारण तेवढीच असल्याने बिल वाढल्याचे जाणवणार नाही. त्यासाठी मीटर कोणाच्या नावावर आहे हे न पाहता, त्या पत्त्यावर बिल कोण भरतो एवढेच पाहायला हवे.

सूर्यघर योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. पुढच्या टप्प्याची आखणी करताना ७५ हजार कोटींपैकी एक छोटा हिस्सा गच्ची नसलेल्यांसाठी राखून ठेवता येईल. तोवर नवा पंखा घ्यायची वेळ आलीच, तर दुकानात रंग आणि पात्यांच्या आधी खोक्यावरचा वॉटचा आकडा बघा.