जीर्णोद्धार कीं रूपांतर?

कांहीं शब्द इतके सोज्ज्वळ असतात कीं, त्यांच्या आडून वाटेल तो व्यवहार उजळ माथ्यानें करतां येतो. 'जीर्णोद्धार' हा त्यांपैकींच एक. देवळाचा जुना काळा पाषाण तैलरंगानें माखून काढला, सभामंडपाचे लांकडी खांब उपटून सिमेंटचे घातले, तरी फलकावर शब्द कोरला जातो तो जीर्णोद्धार! अमेरिकेंत या शब्दाच्या इंग्रजी भावंडाची अशीच ओढाताण चालली आहे. फरक इतकाच कीं, ती देवळांच्या बाबतींत नसून क्रीडोद्यानांतील जुन्या लांकडी रोलर कोस्टरांच्या बाबतींत आहे. विषय कोणास पोरकट वाटेल. परंतु त्याच्या पोटांत दडलेला प्रश्न पोरकट नाहीं. जुन्या वस्तूची दुरुस्ती कोठें संपते, आणि तिला मारून तिच्याच जागीं दुसरी उभी करणें कोठें सुरू होतें, हा तो प्रश्न होय.

ज्या वाचकांनीं ही वस्तु पाहिली नसेल त्यांच्यासाठीं चार शब्द सांगितले पाहिजेत. साखळीनें डब्यांची माळ उंच शिखरावर ओढून न्यावयाची आणि तेथून सोडून द्यावयाची. पुढें इंजिन नाहीं कीं मोटर नाहीं, केवळ गुरुत्वाकर्षणाच्या बळावर ती चढउतार ओलांडीत परत येते. लांकडी रोलर कोस्टरचा रूळ म्हणजे एकावर एक घट्ट बसविलेले फळ्यांचे थर आणि चाक फिरावें म्हणून त्यांवर ठोकलेली पोलादाची पातळ पट्टी. गाडी धांवतांना हा सारा डोलारा किंचित् हलतो, झुकतो आणि पुन्हां जागेवर येतो. हें हलणें दोष नव्हे. तें रचनेंतच धरलेलें असतें.

आतां वादाचें मूळ पाहूं. ओहायओ संस्थानांत एरी सरोवराच्या कांठीं सीडर पॉइंट नांवाचें उद्यान आहे. तेथें १९९१ सालीं 'मीन स्ट्रीक' हा १६१ फूट उंचीचा लांकडी रोलर कोस्टर उभा राहिला. २०१६ सालीं तो बंद करण्यांत आला, आणि आयडाहो संस्थानांतील रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या कंपनीनें जुन्या लांकडी सांगाड्याचा आधार घेऊन त्यावर नवा पोलादी रूळ चढविला. २०१८ सालीं जो 'स्टील व्हेन्जन्स' लोकांपुढें आला तो २०५ फूट उंच, ताशीं ७४ मैल धांवणारा आणि प्रवाशाला चार वेळां उलटा करणारा! याच कंपनीनें टेक्ससमधील १९९० च्या 'टेक्सस जायंट'चें २०११ सालीं, आणि कॅलिफोर्नियांतील १९७८ च्या 'कोलोसस'चें २०१५ सालीं असेंच रूपांतर केलें होतें. या यशाचा परिणाम असा झाला आहे कीं, कोणताहि जुना लांकडी रोलर कोस्टर जरा खडखडूं लागला कीं शौकिनांतील एक मोठा वर्ग एकच घोष करतो: 'यालाहि पोलाद चढवा!'

आमचा वाद 'स्टील व्हेन्जन्स'शीं नाहीं. कारागिरी म्हणून तो उत्तम आहे, आणि 'मीन स्ट्रीक'साठीं अश्रु ढाळणारे फारसे कोणी नव्हते, हेंहि आम्ही मान्य करतों. शिवाय त्याच्या मालकांनीं जुनें नांव टाकून नवें घेतलें, नव्या नांवांतच 'स्टील' हा शब्द घातला. एवढा प्रामाणिकपणा जीर्णोद्धाराचे फलक लावणाऱ्या पुष्कळ विश्वस्तांना साधत नाहीं. आमचा वाद आहे तो एका यशाचा सार्वत्रिक नियम बनविणाऱ्या त्या घोषाशीं.

परंतु त्या घोषाला उत्तर देण्यापूर्वीं आमच्याच पक्षांतील कांहीं भाविकांचे कान धरले पाहिजेत. एक फळी बदलली कीं 'मूळ गेलें' म्हणून हे गळा काढतात. यांना विचारावें, मूळ फळी म्हणतां ती कोणती? न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरील 'सायक्लोन' १९२७ सालीं सुरू झाला. १९२७ च्या फळ्यांवरून आज तेथें गाडी धांवते असें ज्यास वाटतें त्यानें लांकूड ऊनपावसांत ठेवून पाहावें. १९७० नंतरच्या वर्षांत शेजारच्या मत्स्यालयाच्या विस्तारासाठीं तो पाडण्याचें घाटत होतें. लोकांनीं ओरड केली, नव्या चालकांनीं दुरुस्ती केली आणि १९७५ सालीं तो पुन्हां धांवूं लागला. १९८८ सालीं शहरानें त्यास संरक्षित स्मारक ठरविलें, आणि २०११ नंतर त्याचा रूळ टप्प्याटप्प्यानें नवा करण्यांत आला. पुरीच्या जगन्नाथाचा रथ दरवर्षीं नव्या लांकडाचा घडवितात; म्हणून यंदाचा नंदिघोष हा नंदिघोष नव्हे असें कोणी भक्त म्हणत नाहीं. लांकूड बदलणें हाच लांकडी वस्तूचा धर्म आहे.

'मग पोलाद घातलें तर काय बिघडलें?' असें प्रतिपक्षी येथें विजयी मुद्रेनें विचारील. उत्तर त्याच 'सायक्लोन'पाशीं आहे. त्याचा खालचा सांगाडा पोलादी आहे! तरीहि जाणते लोक त्याची गणना लांकडी रोलर कोस्टरांतच करतात, कारण त्याचा रूळ लांकडी आहे. उलट 'स्टील व्हेन्जन्स'च्या खालीं लांकडाचें अरण्य उभें असून त्याला शुद्ध लांकडी कोणी म्हणत नाहीं. म्हणजे या वस्तूचा प्राण तिच्या पायांत नाहीं, तो रुळांत आहे. गाडी पहिल्या डब्यांत बसणारास एक आणि शेवटच्या डब्यांत बसणारास दुसरी भासते. सकाळच्या गारव्यांत ती मंद असते, दिवस चढून चाकांचें वंगण तापलें कीं उच्छृंखल होते. पोलादी रुळावरहि असा फरक अगदींच पडत नाहीं असें नाहीं. परंतु लांकडाचा गोंगाट, कंप आणि बेभरंवसा त्यास येत नाहीं. गुळगुळीतपणा हा गुण खरा. पण सर्व सुखें गुळगुळीतच असलीं पाहिजेत हा कोठला न्याय? तंबोऱ्याची जवारी घासून सपाट केली तर खरखर जाईल, नादहि जाईल.

आतां मुख्य आरोप घेऊं: 'हे जुने रोलर कोस्टर अंग ठेचून काढतात.' काढतात, यांत शंका नाहीं. पण कां? लांकडी रुळास रोज सकाळीं त्यावरून चालत जाऊन खिळा न् खिळा पाहणारा माणूस लागतो, दर हिवाळ्यांत कुजकी फळी काढून नवी बसविणारा सुतार लागतो. त्या कामांत हात आंखडला कीं रूळ वांकडा होतो. वांकड्या रुळावर चाक आदळतें. आदळणाऱ्या चाकानें रूळ अधिकच वांकडा होतो. मग वेग मारण्यासाठीं ब्रेक येतात. 'मीन स्ट्रीक'वर तर पहिल्याच उतारावर ब्रेक बसविले होते! ज्या उतारावर सारा वेग कमवावयाचा तेथेंच तो हिरावून घ्यावयाचा, आणि पुढें 'हा नीरस आहे' म्हणून निकाल द्यावयाचा! घोड्याला वर्षानुवर्षें उपाशी ठेवावें, मग तो धांवत नाहीं म्हणून खाटकाकडे धाडावा, असाच हा न्याय नव्हे काय?

दुसरा मार्ग नव्हता असें कोणी म्हणूं नये. त्याच ओहायओ संस्थानांत किंग्ज आयलंड या उद्यानांत १९७९ सालचा 'बीस्ट' आहे. ७,३६१ फूट लांबीचा हा रूळ दाट झाडींतून जातो. २०२२ च्या हंगामापूर्वीं त्याचा सुमारें २,००० फूट रूळ नव्यानें बांधला, तो लांकडाचाच. त्या वेळीं पहिल्या उताराचा कोन ४५ अंशांवरून ५३ अंशांवर नेला, यावरून शौकिनांत वाद माजला, आणि तो माजावयासच हवा होता. ते आठ अंश आम्हांसहि खटकतात. परंतु आठ अंशांवर भांडण होणें हें जिवंतपणाचें लक्षण आहे. जेथें सबंध वस्तूच गेली तेथें भांडावयाचें कशावर?

शेवटचा आक्षेप पैशाचा. 'लोकांना थरार हवा. जो देत नाहीं तो जागा अडवून कां बसला?' पेन्सिल्व्हेनियांतील आल्टूना येथील 'लीप-द-डिप्स' १९०२ सालचा. उंची अवघी ४१ फूट, वेग ताशीं दहा मैलांच्या आसपास. गाडी रुळास खालून धरून ठेवणारीं चाकें जॉन मिलर यांच्या १९१९ च्या पेटंटानें रूढ केलीं. तीं यास नाहींतच. १९८५ सालीं तो बंद पडला. थराराच्या मापानें मोजला असता तर त्याचें सरपण झालें असतें. पण लोकांनीं वर्गणी जमविली, आणि १९९९ सालीं तो पुन्हां सुरू झाला. आपले पणजोबा कशास भ्याले आणि कशास हंसले हें पुस्तकांत वाचून कळत नाहीं. त्यासाठीं त्याच डब्यांत त्याच बांकावर बसावें लागतें. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत असले रोलर कोस्टर हजाराहून अधिक होते; मंदी, महायुद्ध आणि शहरांची वाढ यांनीं बहुतेक सर्व गिळले. १९७८ सालीं अमेरिकन कोस्टर एन्थूझियास्ट्स ही शौकिनांची संस्था निघाली तेव्हां उरलेले वांचविणें हा तिच्या जन्माचा एक हेतु होता. त्यांच्याच वारसांनीं आज 'पोलाद चढवा' म्हणून आरोळी ठोकावी, हा दैवदुर्विलास होय!

आमचें मागणें थोडें आहे. ज्यांस पोलादी रोलर कोस्टर हवा त्यांनीं तो खुशाल बांधावा, पण त्यास जीर्णोद्धार म्हणूं नये. आणि देखभालीचा खर्च नको हेंच खरें कारण असेल तर तें मोकळेपणानें सांगावें. जुन्यावर निकाल देण्यापूर्वीं त्यास एकदां तरी चांगला सुतार आणि चांगले डबे देऊन पाहावें. आणि जे थोडे सर्वांत जुने उरले आहेत त्यांस 'सायक्लोन'प्रमाणें कायद्याचें कवच द्यावें. कारण फळी कुजली तर नवी मिळते. पण फळी बसविणाऱ्या सुताराची विद्या एकदां दोन पिढ्या थांबली कीं ती कोणत्याहि कारखान्यांत पुन्हां ओतून काढतां येत नाहीं. त्या दिवशीं मात्र 'आतां पोलादावांचून गत्यंतर नाहीं' हें वाक्य खरें होईल, आणि तें खरें करण्याचें श्रेय आजच्या या घोष करणाऱ्यांकडे जाईल.