रक्तात कमी पडलं म्हणून डब्यातून घ्यायचं? अँटिऑक्सिडंट आणि हार्ट अटॅकचं खरं गणित

उदगीर : 'हार्ट अटॅक टाळा' असं सांगत अँटिऑक्सिडंटचे ज्यूस, पावडरी आणि कॅप्सूल व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव पोचत आहेत. विकणारा एक गोष्ट खरी सांगतो : अटॅक आलेल्या रुग्णांच्या रक्तात अँटिऑक्सिडंट कमी सापडतात. पण 'म्हणून डबा घ्या' हे त्याचं पुढचं वाक्य तपासणीत टिकलेलं नाही.

रक्तात काय होतं?

उघडं ठेवलेलं करडईचं तेल हवेनं खवट होतं. शरीरातल्या चरबीचंही तसंच होतं. फ्री रॅडिकल नावाचे कण तिला बिघडवतात. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व आणि शरीर स्वतः बनवतं ती काही द्रव्यं त्यांना आवर घालतात. हीच अँटिऑक्सिडंट. हा तोल बिघडला की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. बिघडलेलं कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या भिंतीत साचतं. त्यावर गाठ बसली की अटॅक.

पण अटॅक आल्यावरही फ्री रॅडिकल एकदम वाढतात आणि अँटिऑक्सिडंट त्यांच्याशी झुंजण्यात खर्ची पडतात. म्हणजे रक्तातली कमतरता काही अंशी अटॅकचा परिणाम असते. तिला सरसकट कारण समजणं चूक.

गोळ्यांची परीक्षा झाली आहे

१९९९ मध्ये इटलीत अटॅकमधून वाचलेल्या ११,३२४ रुग्णांवर ई जीवनसत्त्वाची चाचणी झाली. ठोस फायदा दिसला नाही. २००२ मध्ये ब्रिटनमध्ये २०,५३६ जणांवर ई, क आणि बीटा कॅरोटीन एकत्र देऊन पाहिलं. रक्तातलं प्रमाण वाढलं, पण अटॅक कमी झाले नाहीत. १९९४ मध्ये फिनलंडच्या चाचणीत तर बीटा कॅरोटीन घेणाऱ्या सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर वाढलेला आढळला.

मग जीव कशानं वाचतो?

वेळेनं आणि साध्या औषधानं. १९८८ मध्ये १७,१८७ रुग्णांच्या चाचणीत अ‍ॅस्पिरिन आणि गाठ विरघळवणारं इंजेक्शन दोन्ही दिलेल्यांत पाच आठवड्यांतले मृत्यू सुमारे ४२ टक्क्यांनी घटले. अ‍ॅस्पिरिनची गोळी काही पैशांची, ज्यूसची बाटली शेकड्यांत.

उदगीरहून लातूर साठ-पासष्ट किलोमीटर; देवणी, जळकोटच्या खेड्यातून निघालं तर वेळ आणखी जातो. 'गॅस झालाय' म्हणून सोडा पीत रात्र काढली, की गाठीखालचं हृदयाचं स्नायू मरत जातं. छातीत दाब, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, दरदरून घाम, धाप अशी लक्षणं दिसली तर लगेच १०८ लावावा, जवळच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी काढून घ्यावा. अ‍ॅस्पिरिन सगळ्यांना चालत नाही, ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

स्वस्तातलं अँटिऑक्सिडंट

विडी-सिगारेटच्या प्रत्येक झुरक्यासोबत फ्री रॅडिकल थेट शरीरात जातात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी सुटलेली नाही. एकीकडे विडी ओढायची आणि दुसरीकडे ज्यूस प्यायचा, हे फुटक्या घागरीत पाणी भरण्यासारखं आहे.

आवळा, पेरू, शेवगा, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, ज्वारीची भाकरी हे आपल्याच रानात पिकतं. यानं अटॅक येणारच नाही अशी हमी कुणी देऊ शकत नाही. पण बीपी-शुगरची तपासणी, चालू गोळ्या न तोडणं आणि तंबाखू सोडणं याच्या जोडीला हे जेवण असेल, तर डब्याचे पैसे नक्कीच वाचतात. ते पैसे तपासणीसाठी आणि अडीनडीच्या गाडीभाड्यासाठी ठेवलेले बरे.