नर कीं मादी?

गेल्या वर्षीं आमच्या आठवीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें मोठ्या कौतुकानें सांगितलें कीं, त्याच्या घरीं 'राजा' नांवाचा एक हिरवा इग्वाना आहे. तो वीतभर लांबीचा असतांना विकणाऱ्यानें "हा नर आहे" असें खात्रीनें सांगून दिला होता. तीन वर्षें सर्व सुरळीत चाललें. पुढें एके दिवशीं राजानें अन्न वर्ज्य केलें व तो पिंजऱ्याचा कोपरा नखांनीं उकरूं लागला. घरच्या मंडळींस वाटलें, स्वारी रुसली असेल. तो अगदींच निपचित पडला तेव्हां त्यास पशुवैद्यांकडे नेलें. क्ष-किरणांच्या छायाचित्रांत पोट अंड्यांनीं भरलेलें दिसलें. राजा नव्हे, ती राणी होती! परंतु हें कळण्यास फार उशीर झाला होता. ती वांचली नाहीं.

त्या कुटुंबाचें प्रेम उणें पडलें असें आमच्यानें म्हणवत नाहीं. उणें पडलें तें ज्ञान. म्हणून आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, आपण घरीं आणलेला प्राणी नर आहे कीं मादी हें जाणून घेण्याची ज्यास गरज वाटत नाहीं, त्यानें त्याचें पालकत्व अजून पुरतें पत्करलेलें नाहीं.

"आम्हांस पिलें नकोतच, मग हा खटाटोप कशाला?" असें कांहीं पालक विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, कोंबडी जशी कोंबड्यावांचूनहि अंडीं घालते, तशीच इग्वानाची मादीहि नराची गांठ न पडतां अंडीं धरूं शकते. तीं एकदोन नसून वीस ते सत्तरपर्यंत असतात. त्यांतून पिलें निघत नाहींत, तरी तीं बाहेर पडलींच पाहिजेत. त्यासाठीं तिला ओलसर माती किंवा वाळू भरलेली खोल पेटी लागते. ती न मिळाली, अथवा ऊन व कॅल्शियम यांची उणीव असली, तर अंडीं पोटांतच अडकतात व तिच्या जिवावर बेततें.

सिंहगडाच्या कथेंतील घोरपड पुण्याच्या मुलांस ठाऊक आहे. इग्वाना तिच्यासारखा दिसला तरी तो निराळा. घोरपड मांसाहारी व आपल्या देशची. इग्वाना पालेभाजीवर राहणारा आणि मध्य व दक्षिण अमेरिकेंतील रानांचा रहिवासी. पूर्ण वाढलेल्या नराचें डोकें रुंद व गालफडें भरदार असतात. पाठीवरील कांटेरी झालर उंच असते आणि गळ्याखालीं लोंबणारी कातडी मोठी असते. मांडीच्या खालच्या बाजूस एका रांगेंत छिद्रें असतात. नराच्या ठायीं तीं ठळक व मेणचट पदार्थानें भरलेलीं, मादीच्या ठायीं अगदीं बारीक. नराच्या शेपटीच्या मुळाशीं दोन फुगवटेहि दिसतात. परंतु या खुणा साधारणतः दीड-दोन वर्षांनंतरच उमटूं लागतात. वीतभर पिलाकडे पाहून "हा नर" असें छातीठोकपणें सांगणाऱ्यानें केवळ अंदाज केलेला असतो. कांहीं नर मोठेपणींहि मादीसारखेच दिसतात. अशा वेळीं जाणत्या पशुवैद्याकडूनच तपासणी करवावी. घरीं दाबून वा टोचून पाहूं नये.

हें पारखणें शिकण्यासाठीं परदेशी प्राणी विकत घेण्याची मुळींच जरूरी नाहीं. पावसाळ्याच्या आरंभीं शाळेच्या कुंपणावर बसलेला सरडा पाहा. ज्याचें डोकें व गळा तांबडालाल झालेला आहे आणि जो पुढच्या पायांवर अंग वरखालीं करीत आहे, तो नर. जवळच करड्या रंगाची मादी असते. मात्र हंगाम संपला कीं नरहि करडा होतो! म्हणून करडा दिसला कीं ती मादीच, असें समजूं नये. एका खुणेवर निर्णय देऊं नये, अनेक दिवस पाहावें, हा धडा तो सरडा फुकट देतो. आणि आमचीं मुलें मात्र त्यास दगड मारतात, याचें वाईट वाटतें.

कायद्यानेंहि या जबाबदारीस आतां स्वरूप दिलें आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत २०२२ सालीं दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली. पुढें २०२४ मध्यें नोंदणीचे नियम निघाले. त्यांनुसार इग्वानासारखा प्राणी बाळगणाऱ्यानें त्याची नोंद केली पाहिजे, व त्याचा जन्म आणि मृत्यु हींहि कळविलीं पाहिजेत.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलानें हट्ट धरला म्हणून पंधरा-वीस वर्षें जगूं शकणारा जीव वाढदिवसाची भेट म्हणून आणूं नये. आणलाच असेल, तर त्याची ओळख करून घ्यावी. तो विद्यार्थी आम्हांस म्हणाला, "सर, आम्हीं तिला नांव दिलें, पण तिच्याकडे नीट पाहिलेंच नाहीं." चौदा वर्षांच्या मुलास जें कळलें, तें आपणांस प्राणी घरीं आणण्यापूर्वीं कळावें.