कम्युनिकेशन गॅप म्हणे!

दोन वीकेंड इथे काही लिहिलं नाही, कारण ऑफिसात एक मोठा लोचा झाला होता. रीतसर पोस्टमॉर्टेम झालं आणि 'मूळ कारण' या रकान्यात कोणीतरी टाईप केलं: कम्युनिकेशन गॅप. उपाय काय? तर अख्ख्या टीमला कर्जतच्या एका रिसॉर्टवर नेऊन एकमेकांकडे चेंडू फेकायला लावले. चेंडू मी बरा झेलतो हो, तो प्रश्नच नव्हता!

या शब्दावर माझा जुना राग आहे. तो लिहिला की कोणाचं नाव घ्यावं लागत नाही, पैसे खर्चावे लागत नाहीत, आणि सगळे थोडेथोडे दोषी म्हणजे कोणीच नाही. जुनी सवय म्हणून मी विमान अपघातांचे चौकशी अहवाल वाचतो (झोपताना लोक कादंबऱ्या वाचतात, असं बायको म्हणते). 'संवाद तुटला' म्हणजे नेमकं काय तुटलं, ते त्यात तारीखवार सापडतं.

२८ ऑक्टोबर २०१८ची रात्र घ्या. इंडोनेशियात लायन एअरचं एक नवंकोरं ७३७ मॅक्स बालीतल्या डेनपसारहून जकार्ताला निघालं. आधीचे दोन-तीन दिवस कॅप्टनच्या बाजूचा वेग आणि उंची दाखवण्यात गडबड होती, म्हणून डेनपसारला विमानाच्या नाकाचा कोन मोजणारा सेन्सर बदलला होता. बदललेला सेन्सर दुरुस्त करून आलेला, आणि त्यात २१ अंशांची चूक! बसवल्यावर घ्यायच्या चाचणीचे आकडे कुठे नोंदलेलेच नव्हते.

टेकऑफ होताच कॅप्टनचा कंट्रोल कॉलम थरथरायला लागला. विमान स्टॉल होतंय, असा त्याचा अर्थ. तो जकार्तापर्यंत थरथरतच राहिला. त्यात विमान आपोआप नाक खाली घालू लागलं. त्या कॉकपिटमध्ये तिसरा एक पायलट बसलेला होता. शेवटी ट्रिमचे कटआउट स्विच बंद केले आणि चाकाने हाताने ट्रिम करत सगळे सुखरूप पोचले.

आता टेक्निकल लॉगमध्ये काय लिहिलं? वेग आणि उंचीचे आकडे जुळत नाहीत, आणि अमुक एक दिवा लागला. बस्स. कॉलम दीड तास थरथरत होता हे नाही, स्विच बंद करून विमान आणलं हेही नाही. कंपनीच्या दुसऱ्या एका रिपोर्टात ट्रिम उलट्या दिशेला चालतो असं लिहिलं होतं, पण तो रिपोर्ट वेगळा, त्याचे वाचणारेही वेगळे.

जकार्ताच्या इंजिनिअरने मग काय करावं? जे लिहिलं होतं तेच केलं. नळ्या फ्लश केल्या, कनेक्टर साफ केला, जमिनीवर टेस्ट घेतली, ओके आली. २९ तारखेला सकाळी ६.२०ला तेच विमान दुसऱ्या क्रूने उडवलं. साधारण तेरा मिनिटांत ते जावा समुद्रात पडलं. १८९ माणसं गेली. आदल्या रात्रीचा उपाय या क्रूपर्यंत आलाच नव्हता.

कोणी म्हणेल, कॅप्टन निष्काळजी. मला तसं वाटत नाही. त्याने दिसलेले दिवे लिहिले, कारण दिव्यावरून कुठलं काम करायचं ते मॅन्युअलमध्ये ठरलेलं असतं. 'हे विमान मी कसं बसं आणलं' याला कोड नाही! आणि त्याला ज्याने नाक खाली घातलं ते एमकॅस नावाचं सॉफ्टवेअर पायलटांच्या मॅन्युअलमध्येच नव्हतं. तो लिहिणार तरी काय?

इथे आमच्या जातभाईंचंही ऐका. दोन्ही बाजूंचे सेन्सर वेगळं सांगताहेत असा एक इशारा या विमानात असायला हवा होता. सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे तो फक्त जादा पैसे मोजून वेगळा इंडिकेटर घेतलेल्या विमानांतच चालायचा. बोईंगला हे २०१७ सालीच कळलं होतं. एअरलाइन्सना मात्र लायन एअरच्या अपघातानंतर सांगितलं. याला गॅप म्हणायचं? बग माहीत होता, पुढच्या रिलीजला ढकलला होता. हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना?

आता डिस्पॅचर. ३१ जानेवारी २०००, अलास्का एअरलाइन्स २६१, मेक्सिकोतून सॅन फ्रान्सिस्कोकडे. शेपटीचं स्टॅबिलायझर जाम. कॅप्टनला लॉस एंजेलिसला उतरायचं होतं. डिस्पॅचर म्हणाला, सुरक्षेसाठी हवं तर उतरा, पण तिथून पुन्हा निघायला तास-दीड तास जाईल, ट्रॅफिक तुंबलंय. मेंटेनन्सने रेडिओवर विचारलं, हा स्विच करून पाहिला का, तो करून पाहिला का. आमचं सपोर्टवालं 'रीस्टार्ट करून बघितलं का?' तेच. सगळे बोलत होते, सभ्यपणे बोलत होते. फक्त ग्रीसअभावी एका नटाचे आटे झिजून गेले होते, आणि ते त्यातल्या एकालाही दिसत नव्हतं. १९९७ साली एका पाळीने त्याच जॅकस्क्रूची झीज मर्यादेवर मोजून बदलायचं काम लिहिलं होतं. दुसऱ्या पाळीने पुन्हा मोजलं, आकडा कमी आला, विमान सोडून दिलं. ८८ माणसं.

म्हणून मला चेंडूंचा राग येतो. या माणसांना बोलता येत नव्हतं असं नाही. प्रत्येकाच्या फॉर्ममध्ये त्याच्यापुरतीच जागा होती आणि प्रत्येकाच्या डोक्यावर घड्याळ होतं. आणि ते घड्याळ आपणही लावतो बरं का. तांत्रिक कारणाने दोन तास उशीर झाला की गेटवरच्या पोरीवर ओरडणारे, मोबाईलवर व्हिडिओ काढणारे आपणच. मीसुद्धा ओरडलोय एकदा, पुण्याची शेवटची फ्लाइट होती.

असो. आमच्या लोच्याचं खरं कारण सांगतो, कारण ते पोस्टमॉर्टेममध्ये नाही. त्या रात्री ऑनकॉल मीच होतो. पेमेंटची क्यू तीनदा अडकली, तीनदा मी सर्व्हर रीस्टार्ट केला, आणि चौथ्यांदा वाजायला नको म्हणून एक अलर्ट म्यूट केला. सकाळी सहाला हँडओव्हरमध्ये लिहिलं: 'सर्व्हिस स्लो होती, रीस्टार्ट केली, आता ओके.' अलर्टबद्दल अक्षर नाही. साडेदहाला क्यू भरली तेव्हा ड्यूटीवरच्या पोराच्या स्क्रीनवर सगळं हिरवं होतं. दुपारभर शिव्या त्याने खाल्ल्या, रिसॉर्टवरही तो गप्प गप्प होता.

सोमवारी मी हँडओव्हरच्या फॉर्ममध्ये दोन रकाने घातले: 'काय बंद केलं' आणि 'चालू ठेवायला काय करावं लागलं'. मॅनेजर म्हणाला, फॉर्म लांब होतोय, लोक भरणार नाहीत. त्याला मी त्या रात्रीचं सांगितलं, त्या पोरासमोरच. तो पोरगा काही बोलला नाही. रकाने सध्या आहेत, पण ते रिकामे सोडले तरी फॉर्म सबमिट होतो. ते बंद करायचं तिकीट अजून बॅकलॉगमध्येच आहे.