गणिताच्या तासाला खेळ

गणिताच्या तासाला खेळ मांडला, तर मुले अभ्यास विसरतील, असे पुष्कळ वडीलधाऱ्यांना वाटते. मला मात्र वाटते की, प्राथमिक शाळेत गणिताची गोडी लावण्यास खेळासारखा दुसरा गुरू नाही.

नाशिकजवळच्या देवळालीस दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे शिक्षक होते. अंकांशी खेळणे हा त्यांचा छंद. त्यातूनच १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येचे नवल उजेडात आणले. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान संख्या वजा करा. उत्तर तीन अंकी आले, तर आरंभी शून्य धरा आणि हीच कृती पुन्हा करा. ४३२१ पासून निघालात, तर ३०८७, ८३५२ आणि मग ६१७४! कोठूनही निघा, फार तर सात वजाबाक्यांत येथेच पोचाल.

वहीत दहा वजाबाक्या दिल्या, की मुले कंटाळतात. या खेळात तितक्याच हौसेने करतात. एकच संख्या घेऊन दोघे खेळले, की एकाचा चुकलेला हातचा दुसऱ्याच्या ध्यानी येतो, आणि त्यात लाज वाटत नाही. मग ‘असे का होते?’ हा प्रश्न आपणहून पडतो. खऱ्या गणिताचा आरंभ तेथेच होतो.

अर्थात, केवळ घाईने जिंकण्याचा खेळ नको. तो सावकाश विचार करणाऱ्या मुलास मागे लोटतो. लहानपणी बसलेली गणिताची भीती पुष्कळदा जन्मभर जात नाही. म्हणून विचार करावयास लावणाऱ्या खेळाला सुटीत नव्हे, तासातच स्थान असावे.