पुटपुटणाऱ्या मुलांची कैफियत

शाळेत दिवसभर सर्वांत अधिक वेळा उच्चारली जाणारी आज्ञा कोणती, असे कोणी विचारल्यास 'गप्प बसा' हेच उत्तर द्यावे लागेल. गेली वीस वर्षे ही आज्ञा आम्हीही मुक्तहस्ताने देत आलो आहो. वर्गातील शांतता म्हणजे शिक्षकाच्या कर्तबगारीचे प्रमाणपत्र, असा आमचा समज होता. आणि शेजाऱ्याशी गप्पा मारून दोघांचाही अभ्यास बुडविणाऱ्या मुलापुरता तो अद्यापि कायम आहे. परंतु वर्गात आणखीही एक आवाज असतो. तो शेजाऱ्यासाठी नसतो, गुरुजींसाठीही नसतो. मूल केवळ स्वतःशी बोलत असते. ह्या आवाजालाही आम्ही गप्पांच्याच पंक्तीस बसविले, ही आमची चूक झाली. तिची कबुली देऊन अशा मुलांची बाजू वाचकांपुढे मांडावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

काही वर्षांपूर्वी इयत्ता पाचवीत एक मुलगा होता. बेतासबात बोलणारा, वस्तूंची नावे त्याला वेळेवर आठवत नसत, लांबलचक वाक्य सांगितले तर त्यातील अर्धेच त्याच्यापर्यंत पोहोचे, आणि गोष्ट सांगू लागला की तिचा शेंडाबुडखा कळत नसे. हात मात्र चलाख; वर्गाच्या कपाटाचे बिघडलेले कुलूप त्यानेच चालते केले होते. एके दिवशी आम्ही फळ्यावर बेरजा व वजाबाक्या मिसळून दहा उदाहरणे लिहिली. हा मुलगा ती सोडविताना ओठांत पुटपुटत होता: 'आता अधिक... हातचा एक... आता वजा, वजा...' आम्ही दरडावून त्याचे ओठ मिटविले. वही तपासली तेव्हा पहिली चार उत्तरे बरोबर होती. पुढील सहांत चिन्ह कोणतेही असो, त्याने बेरीजच केली होती. आम्ही 'निष्काळजी' असा शेरा मारला. त्या शेऱ्यापायी घरी त्याला मार बसला, हे आम्हांस फार उशिरा कळले. पुढे एकदा सर्दीने आमचा घसा बसला होता व दरडावणे शक्य नव्हते. त्या दिवशी तसल्याच दहांपैकी नऊ उत्तरे बरोबर आली. एका मुलावरून सिद्धांत बांधता येत नाही, हे खरे. पण त्या दोन पानांनी आम्हांस ह्या विषयावरील पुस्तके उघडावयास लावले.

मुलांच्या ह्या स्वतःशी बोलण्याकडे जीन पियाजे ह्या स्विस पंडिताने १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विद्वानांचे लक्ष वेधले. दुसऱ्याच्या दृष्टीने विचार करणे लहान मुलास अद्याप साधत नाही, त्याची ही खूण. वय वाढले की ती आपोआप पुसली जाते, असे त्याचे मत होते. रशियातील लेव्ह व्हिगॉट्स्की ह्याने मात्र निराळा निष्कर्ष काढला. मूल काम करीत असता त्याने मुद्दाम अडचणी उभ्या केल्या, हवी ती पेन्सिल वा कागद मिळेनासा केला. तो मुलांचे स्वतःशी बोलणे जवळजवळ दुपटीने वाढले! साडेपाच वर्षांचे एक मूल ट्रामगाडी काढीत असता पेन्सिलीचे टोक मोडले. 'मोडले,' असे ते स्वतःशीच म्हणाले, पेन्सिल ठेवून रंग घेतले, आणि अपघातात मोडलेली ट्राम काढावयास बसले. त्या एका शब्दाने त्याच्या चित्राचा बेतच बदलून टाकला. व्हिगॉट्स्की १९३४ साली, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, क्षयाने वारला. त्याच वर्षी निघालेल्या त्याच्या ग्रंथाचा सारांश असा की, हे बोलणे नाहीसे होत नसून ते आत जाते. आरंभी आई मुलास सांगते, मग मूल स्वतःस मोठ्याने सांगते, मग पुटपुटते, आणि अखेरीस मनातल्या मनात बोलते. आपण प्रौढ माणसे ज्यास विचार म्हणतो, त्याचा मोठा भाग म्हणजे आत गेलेले हे बोलणेच होय.

आता दुसऱ्या गोष्टीकडे वळू. एका रीतीने चाललेले काम सोडून वेळ येताच दुसऱ्या रीतीने करता येणे, हा बुद्धीचा एक मोठा गुण आहे. त्यास आपण लवचिकपणा म्हणू. तो मोजण्याचा एक खेळ विद्वानांनी योजिला आहे. तांबडे ससे, निळ्या होड्या अशी चित्रे असलेली पाने मुलास प्रथम रंगाप्रमाणे लावावयास सांगतात, आणि मग म्हणतात, 'आता आकाराप्रमाणे लाव.' तीन वर्षांची बहुतेक मुले नवा नियम तोंडाने सांगतात, पण हात मात्र रंगाचाच नियम पाळीत राहतात. चौथ्या-पाचव्या वर्षी बहुतेकांस हा पालट साधतो. मोठ्यांसही ह्या कामी शब्दांचा आधार लागतोच. अ‍ॅलन बॅडली व त्याचे सहकारी ह्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्रौढांस आळीपाळीने बेरीज व वजाबाकी करावयास लावली, आणि त्याच वेळी एखादा ठराविक शब्द तोंडाने घोकीत राहावयास सांगितले. जीभ अशी गुंतताच एका क्रियेवरून दुसरीवर जाणे त्यांस जड जाऊ लागले. हे वाचताना आम्हांस त्या पाचवीतील मुलाचे मिटलेले ओठ आठवले.

कारण काही मुलांच्या ठायी भाषा हीच दुबळी असते. कान ठीक, बुद्धी ठीक, घरात प्रेमाने बोलणारी माणसे. तरीही शब्द उशिरा येतात, वाक्ये अडखळतात, सांगितलेले पुरते उमगत नाही. ह्यास विकासात्मक भाषादोष असे म्हणतात. अमेरिकेत व इंग्लंडात झालेल्या पाहण्यांत शाळा नुकत्याच सुरू केलेल्या मुलांत शेकडा सातांच्या आसपास मुले अशी आढळली; त्या मानाने साठांच्या वर्गात चार तरी असावीत. अशा पुष्कळ मुलांस नियमाचा पालटही समवयस्कांपेक्षा कठीण जातो, आणि त्यांचे स्वतःशी बोलणे आत जावयासही अधिक काळ लागतो. दहा वर्षांचे मूल सहा वर्षांच्या मुलाप्रमाणे पुटपुटते ते ह्यामुळे. आपण त्यास पोरकटपणा म्हणतो. वस्तुतः पांगळ्याची काठी काढून घेऊन त्यास चालावयास सांगावे, असे आपले वर्तन असते.

कोणी म्हणतील, अशाने वर्गाचा बाजार होईल. परीक्षेच्या दालनात काय करणार? त्यावर आमचे उत्तर असे की, पुटपुटणे म्हणजे ओरडणे नव्हे. 'हळू, आपल्यापुरते बोल' एवढे सांगितले की पुरे होते. आणि हे बोलणे ज्या वेळी आत जावयाचे त्या वेळी आपोआप जाते, दटावण्याने ते लवकर जात नाही. शिवाय आपण मोठे तरी काय करतो? कोपऱ्यावरचा वाणी हिशेब करताना 'सात नि आठ पंधरा, हातचा एक' असे म्हणतोच. आजीबाई फोडणी देताना 'मोहरी झाली, आता हिंग' असे पुटपुटतातच. आणि रंगभूमीवरील स्वगत ऐकावयास तर आपण पैसे मोजून जातो!

पालकांस आमची विनंती अशी. मूल एकटे बोलते म्हणून त्यास वेड लागले, असे मानू नये. बहुतेक सर्व निरोगी मुले तसे करतात. शाळेची भाषा एक व घरची दुसरी असल्याने जे मूल वर्गात अडखळते पण घरच्या भाषेत सुरळीत बोलते, त्यास दोष आहे असेही समजू नये, व घरची भाषा तर मुळीच बंद करू नये. मूल ज्या भाषेत स्वतःशी बोलते, त्याच भाषेत ते विचार करावयास शिकते. परंतु घरच्या बोलीतही मूल वयाच्या मानाने बरेच मागे असेल, तर 'मोठे झाले की बोलेल' म्हणून वर्षे दवडू नयेत. प्रथम कानांची तपासणी करावी व मग वाचातज्ज्ञास दाखवावे. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून ह्याच कामासाठी आहे. आणि घरी एक सोपा खेळ खेळावा: डबाभर बटणे आधी रंगाप्रमाणे लावावी, मग लहानमोठेपणाप्रमाणे, प्रत्येक पालटापूर्वी 'आता कशाप्रमाणे?' असे विचारावे, आणि उत्तर मुलाने स्वतःस मोठ्याने सांगावे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी ओठ हलवीत गणित करीत असेल, तर त्यास हसू नका. तुम्ही जे मनात करता, तेच तो ओठांवर करीत आहे.

आमच्यापुरता आम्ही नियम केला आहे. फळ्याशी उदाहरण करताना आम्हीच आता मोठ्याने म्हणतो, 'थांबा, चिन्ह बदलले. आता वजा,' म्हणजे ज्यांस स्वतःशी काय बोलावे हे सुचत नाही, त्यांस ते शब्द उसने मिळावेत. आणि वहीवर 'निष्काळजी' असे लिहिण्यापूर्वी त्या मुलाचे ओठ कोणी मिटविले होते काय, हे आठवून पाहतो.