मामाचं दुकान आणि माझं प्रपोजल

शनिवारी रात्री पावणेअकराला आमचा 'दहावी ब' नावाचा शाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप जागा झाला की समजायचं, कुणाचं तरी लग्न ठरलंय किंवा कुणाला तरी बाळ झालंय. या वेळी दोन्हीपैकी काहीच नव्हतं. मेसेज होता, 'आपल्या गावाला डी-मार्ट पाहिजे. कंपनीला प्रपोजल पाठवू. कोण लिहिणार?' पुढच्या चार मिनिटांत यच्चयावत मंडळींनी माझ्याकडे बोट दाखवलं. मासकॉम केलेल्या मुलीचं हे असंच असतं. चुलत भावाच्या पत्रिकेचा मजकूर, सोसायटीच्या पाण्याची तक्रार, सत्यनारायणाचं आमंत्रण... सगळं तिच्याच गळ्यात. 'तुला काय, दहा मिनिटांचं काम' हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय तितक्या वेळा पेमेंट आलं असतं ना... असो!

गावाचं नाव मी इथे लिहिणार नाहीये. का, ते पुढे कळेलच. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण, सोलापूरपासून साठेक किलोमीटर, एवढं पुरे. एसटी स्टँड, तहसील कचेरी, दोन ज्युनियर कॉलेजं, मोबाइलची मोजता येणार नाहीत इतकी दुकानं आणि किराण्याची चाळीसेक. नावात 'सुपर'ही आहे आणि 'मार्केट'ही आहे असं एक प्रकरण आहे. पण ते आतून किराणाच, फक्त मधला काउंटर काढून टाकलाय. एसीही लावलाय, तो चालू असलेला मी अजून पाहिलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? आपण पुण्या-मुंबईतले लोक. दही संपलंय हे कळायच्या आत दारात दही येतं आपल्या, आणि डिलिव्हरीवाला बारा मिनिटांनी आला तरी आपण एक स्टार कमी देतो. स्वस्त सामान घ्यायला मुद्दाम एसटीनं साठ किलोमीटर जावं लागणं हे आपल्या डोक्यातच येत नाही. माझी आई जाते. महिन्यातून एकदा, शेजारच्या दोघी-तिघींबरोबर. २०२३ च्या मार्चमध्ये एसटीनं बायकांना अर्धं तिकीट केलं आणि आमच्या गल्लीतल्या बायकांचं सोलापूर एकदम जवळ आलं. समोरच्या आजी तर पंचाहत्तरच्या पुढच्या. त्यांना पूर्ण प्रवास फुकट. त्यामुळे त्या दर वेळी असतातच, घ्यायचं काही असो वा नसो.

आईचा हिशेब पक्का असतो. गेल्या महिन्यात तिनं मला फोनवर दोन्हीकडचे भाव वाचून दाखवले. गावात जी यादी ३२६० रुपयांना पडली असती ती तिकडे २७९० ला. वाचले ४७०. त्यातून एसटीचे जाऊन-येऊन शंभर, स्टँडवरून शेअर रिक्षा, एक वडापाव, एक चहा. हातात उरले अडीचशे-तीनशे. 'एवढ्यासाठी अख्खा दिवस घालवतेस?' मी विचारलं. 'तुझ्या त्या कॉफीएवढे असतील,' आई म्हणाली. मी गप्प बसले.

तेव्हा प्रपोजलला माझा सुरुवातीला फुल सपोर्ट होता. मी चक्क होमवर्क केला. डी-मार्टचं पहिलं दुकान मुंबईत पवईला निघालं २००२ मध्ये. मार्च २०२५ अखेर दुकानं झाली ४१५. या लोकांचं गणित म्हटलं तर साधं आहे. होता होईल तो जागा भाड्यानं घ्यायची नाही, स्वतःची घ्यायची, म्हणजे दर महिन्याचं भाडं डोक्यावर नाही. माल देणाऱ्यांचे पैसे पटकन चुकते करायचे, म्हणजे ते भाव कमी करून देतात. दुकानात झगमगाट कमी ठेवायचा आणि जे रोज खपतं तेच भरपूर ठेवायचं. शंभर रुपयांच्या विक्रीवर निव्वळ नफा पाचच्या आसपास. पण माल शेल्फवर बसूनच राहत नाही, सारखा फिरत राहतो, त्यामुळे ते पाच-पाच रुपये डोंगराएवढे होतात. आणि नवी दुकानं शक्यतो जिथे आधीची आहेत त्यांच्या आसपास काढायची. हा मुद्दा मी बोल्डमध्ये टाकला. सोलापूरला दुकान आहेच, आमचं गाव त्याच पट्ट्यातलं!

शिवाय मोठी दुकानं छोट्या गावात चालत नाहीत हा शहरी गैरसमज. अमेरिकेत सॅम वॉल्टननं १९६२ मध्ये पहिलं वॉलमार्ट काढलं ते न्यूयॉर्कला नव्हे, आर्कान्सामधल्या रॉजर्स नावाच्या गावात. जिथे मोठे दुकानदार फिरकत नव्हते तिथेच तो आधी गेला. हेही टाकलं. एकंदरीत इम्प्रेसिव्ह डॉक्युमेंट झालं होतं, पाच पानी, दोन पाय चार्टसकट.

मग मी गावाला गेले, आणि सगळा घोळ तिथे झाला.

त्याचं असं आहे की त्या चाळीसेक किराणा दुकानांपैकी एक माझ्या मामाचं आहे. सख्ख्या. पेठेतलं, आजोबांच्या वेळचं. माझी सगळी लहानपणची सुट्टी त्या दुकानात गेली. गुळाच्या ढेपेजवळ बसायचं, गिऱ्हाईक आलं की 'मामाऽऽ' म्हणून हाक मारायची, बदल्यात एक पेपरमिंट. मला बेरीज-वजाबाकी शाळेनं नाही, मामाच्या गल्ल्यानं शिकवली. आणि आई सोलापूरहून येते ना, तेव्हा त्या दुकानावरून येत नाही. अंधार पडायची वाट बघते आणि मागच्या बोळातून येते. सामान घरूनच नेलेल्या, साडीच्या दुकानाच्या जुन्या पिशव्यांमध्ये. दादाला दिसू नये म्हणून! साठीला आलेली बाई चार किलो तूरडाळ स्मगलिंग केल्यासारखी आणते.

मी ठरवलं होतं, मामाला काही बोलायचं नाही. पण आमच्या ग्रुपमधल्या एका हुशार मित्रानं पीडीएफ गावभर फॉरवर्ड केली होती. दुकानात गेले तर मामाच्या काउंटरवर प्रिंटआउट! वर पेनानं खुणा.

"ये गं, बस की," मामा म्हणाला. "इंग्रजी झकास लिहिलंस. पण लोकसंख्या चाळीस हजार लिहिलीस होय? मग कशाला येतील ते?"

"मामा, ते असंच आपलं... सगळ्यांनी सांगितलं म्हणून..."

"अगं, सोमवारच्या बाजाराला पन्नास-साठ खेडी येतात इथं. ती कुठं धरलीस? माझी निम्मी विक्री सोमवारची असते."

आणि मामानं मला पाऊण तास आमच्या गावाचं मार्केट समजावून सांगितलं. कुठल्या महिन्यात साखर जास्त जाते, लग्नसराईत तेलाचे डबे किती, श्रावणात साबुदाणा कसा पळतो. कुठलाही कन्सल्टंट लाखभर रुपये घेऊन देणार नाही असा डेटा, फुकट, वर लिमलेटच्या गोळ्या.

मी शेवटी विचारलंच, "मामा, ते आले तर तुमचं काय?"

मामानं खालच्या खणातून वही काढली. लाल कापडाची, उधारीची. आम्हा पोरांना तिला हात लावायला बंदी असायची. आज पहिल्यांदा उघडून दाखवली. एका पानावर दूध घालणारे, ज्यांचं बिल दर दहा दिवसांनी येतं. एका पानावर विनाअनुदानित शाळेतले मास्तर, ज्यांचा पगार कधी येईल ते त्यांनाच माहीत नसतं. आणि पानंच्या पानं ऊसवाल्यांची. ऊस कारखान्याला घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत असा कायदा आहे. पण कायद्यातले चौदा दिवस आणि मामाच्या वहीतले चौदा दिवस यांत कधीकधी तीन-चार महिन्यांचा फरक पडतो. तोवर त्या घरात चहा-साखर जाते ती या वहीवर. २०२० च्या मार्चमध्ये एसटी बंद झाली तेव्हा अख्खी गल्ली या वहीवर जगली होती. त्यात आम्हीही होतो. आमचं पान मामानं दाखवलं नाही, पटकन उलटलं. पण मी बघितलं.

आता मामा म्हणजे काही संत नव्हे हं. हे मी भाची असूनही सांगते. रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा, हे तिथे भिंतीवर लिहिलेलं नसलं तरी सगळ्यांना ठाऊक आहे. रोख देणाऱ्याला मामा दोन-पाच रुपये सोडतो. वहीवाल्याला छापील किंमत, एक पैसा कमी नाही. आणि ज्याचं नाव वहीत आहे त्यानं डाळीत खडे निघाले म्हणून तक्रार करायची कुठल्या तोंडानं? म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी त्यालाच माल महाग. माझी आई अडीचशे रुपयांसाठी साठ किलोमीटर जाते ती काही हौस म्हणून नाही.

पण डिस्काउंटचं तरी काय? आईकडे पहिल्या तारखेला बाबांची पेन्शन येते, म्हणून ती जाऊ शकते. वहीतला माणूस डी-मार्टच्या रांगेत उभा राहून काय करणार? 'ऊसबिल आलं की देतो' असं त्या कॅशियरच्या पोरीला सांगणार? स्वस्त भाव हा रोखीचा भाव आहे, एवढी साधी गोष्ट माझ्या पाच पानांत आणि दोन पाय चार्टमध्ये कुठेच नव्हती. बरं, रोखीची गिऱ्हाइकं तिकडे गेली की मामाकडे उरणार नुसती वही. नुसत्या वहीवर एजन्सीवाल्याचं बिल भागत नाही.

मामाची खरी चीड डी-मार्टवर नाहीच, एजन्सीवर आहे. "कंपनी त्यांना जो भाव देते तो मला देत नाही. त्यांचा विकायचा भाव कधीकधी माझ्या खरेदीपेक्षा कमी असतो. मग मी काय करू, डोकं फोडू?"

मी त्याला सहकारी आयडिया दिली. नायगावच्या गिरणी कामगारांनी १९४८ मध्ये अपना बाजार काढला. तिकडे कोल्हापूरच्या वारणानगरला वारणा बाजार आहे, तोही सहकारीच. मुंबई ग्राहक पंचायतीतल्या बायका १९७५ पासून गट करून महिन्याचं सामान एकत्र मागवतायत. मग तुम्ही चाळीस दुकानदार मिळून एकत्र खरेदी का नाही करत? ट्रकभर घेतलं की कंपनी भाव देईलच ना!

मामा इतका हसला की त्याला खोकला आला. "चिमे, हे चाळीस जण चहाला गेले तर चाळीस बिलं होतात. एकाचा दुसऱ्यावर विश्वास नाही, ट्रक कुणाच्या दारात उतरवायचा?"

आणखी एक काळजी मी सांगितली. सुभिक्षा नावाची अशीच स्वस्त दुकानांची साखळी होती, १९९७ मध्ये चेन्नईत सुरू झालेली. वाढत वाढत देशभर सोळाशेच्या आसपास दुकानं झाली आणि २००९ मध्ये सगळा कारभार बसला. पुण्या-मुंबईत असं झालं तर आपण पलीकडच्या चौकात जातो. आमच्या गावात आधी पेठ बंद पडली आणि मग तेही बंद पडलं तर? मामा म्हणाला, "ते एवढ्यात बुडायचे नाहीत. मी बघितलंय, रांग केवढी असते."

"तुम्ही गेला होता?"

"दोनदा. तिथला कपड्याचा साबण स्वस्त पडतो. इथं आणून ठेवला तरी दोन रुपये सुटतात."

मी बघतच राहिले. म्हणजे भाऊ तिकडून माल आणतोय आणि बहीण भावापासून लपवून तिकडून माल आणतेय!

"आणि तुझ्या आईला सांग," मामा वही बांधता बांधता म्हणाला, "मागच्या बोळानं जात जाऊ नको म्हणावं, अंधारात पडशील. बोळ माझ्या गोडाऊनवरूनच जातो. गेली दोन वर्षं बघतोय."

पुण्याला परत आल्यावर मी प्रपोजल पुन्हा लिहिलं. लोकसंख्येच्या जागी मामाची साठ खेडी टाकली, सोमवारचा बाजार टाकला. शेवटी उधारीबद्दल एक परिच्छेद टाकला. इथल्या पन्नास टक्के घरांत पैसे महिन्याला नाही, हंगामाला येतात, असं काहीसं. पन्नास टक्के हा माझा अंदाज, मग तोही काढून 'बऱ्याच' केलं. ग्रुपवर टाकलं. हुशार मित्राचा दोन मिनिटांत रिप्लाय, 'तो लास्ट पॅरा काढ यार. त्यांना वाटेल आपल्याकडे पैसेच नाहीत.' बाकीच्यांनी त्यावर अंगठे दाखवले. मी दोन दिवस भाव खाल्ला, मग काढला. प्रपोजल गेलं. उत्तर अजून यायचंय.

परवा आईचा फोन आला. मंगळवारी सोलापूरला निघालीये, समोरच्या आजी आहेतच. या खेपेला दादानंही यादी दिलीये म्हणाली, कपड्याच्या साबणाची आणि भांड्याच्या पावडरची. ऑफरवाल्या वस्तू एका बिलावर मोजक्याच देतात, म्हणून आजींच्या नावानं वेगळं बिल करायचं ठरलंय.

यादीच्या खाली त्यानं पेनानं लिहिलंय म्हणे, 'तूरडाळ आणू नको. माझी चांगली आहे.'